थांबण्याचे मोल

अर्थशास्त्र शिकविण्याचा धंदा पतकरून मला आता 30 वर्षे होत आली. या धंद्यात एक मोठी सोय आहे. दरवर्षी विद्यार्थी नवे येतात, आणि त्यामुळे शिक्षकाला जुनेच विनोद पुन्हा नव्याने करता येतात. परंतु वर्षातून एक तास असा येतो, की त्या वेळी माझे विनोद आटतात. तो तास व्याजाचा. भांडवल पुरविणाऱ्याला व्याज का मिळावे, या प्रश्नाचे उत्तर नासाऊ सीनियर या इंग्रज पंडिताने 1836 साली असे दिले, की तो आपला उपभोग आवरून धरतो आणि त्या संयमाचे ते मोल आहे. मार्क्सने पुढे या संयमी धनिकांची यथेच्छ टर उडविली. तेव्हा आल्फ्रेड मार्शलने आपल्या 1890 सालच्या ग्रंथात 'संयम' हा शब्द बाजूस सारून 'थांबणे' हा साधा शब्द पसंत केला. धनिक काही तपश्चर्या करीत नाही, तो नुसता थांबतो, आणि थांबण्यालाही किंमत असते. इतके सांगून मी फळा पुसतो आणि विद्यार्थी वह्या मिटतात.

या थांबण्याची किंमत रुपये-आण्यांत, किंवा आता आणे उरले नाहीत म्हणून नुसत्या रुपयांत, किती होते आणि ती कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात जाते, हे मला पुस्तकांनी सांगितले नव्हते. ते अचलपुरातील एका पत्र्याच्या गोठ्यात सहा बोकड आणि चार कोकरे यांनी सांगितले. सुशिक्षित कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकात शेळ्यामेंढ्यांचा विषय आणावा काय, असा संकोच मला पडलाच. त्यातून ही जनावरे दुधासाठी पाळलेली नव्हती, ईदेला विकण्यासाठी पोसलेली होती. कित्येक वाचकांना ही गोष्ट रुचणार नाही हे मी जाणतो. तरीही जिच्यावर आपल्या भोवतालची शेकडो घरे चालतात, ती गोष्ट आपल्याला रुचत नाही एवढ्यासाठी अदृश्य होत नाही.

आमचे गाव या विषयाला नवखे नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, सापन आणि बिच्छन या दोन नद्यांच्या आश्रयाने वसलेले हे जुने एलिचपूर एके काळी इमादशाहीची राजधानी होते. वर गाविलगड आहे. तो 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला, आणि पुढे पायथ्याशी परतवाड्याची छावणी वसली. आज अचलपूर आणि परतवाडा ही जुळी शहरे आहेत. येथे मुसलमानांची वस्ती मोठी आहे, त्यामुळे बकरी ईदेला जनावरांना मागणी असते. हिंदूंचाही या व्यापाराशी संबंध जुना आहे. परतवाड्यापासून जवळच बहिरमची यात्रा भरते. डिसेंबरच्या अखेरीस सुरू होऊन ती महिनाभराहून अधिक चालते, आणि मातीच्या हंडीत शिजविलेल्या मटणासाठी ती साऱ्या वऱ्हाडात प्रसिद्ध आहे. याच जिल्ह्यात, अंजनगाव तालुक्यातील शेंडगाव येथे, 1876 साली गाडगेबाबांचा जन्म झाला. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी मटणाऐवजी गोड जेवण घातले, आणि पुढे जन्मभर देवापुढे जनावर कापू नका असे ते सांगत राहिले. त्यांचा दुसरा उपदेश कर्ज काढू नका हा होता. मामाची शेती सावकाराच्या घशात गेलेली त्यांनी लहानपणी पाहिली होती. बाबांचे हे दोन उपदेश मला पूर्वी अगदी वेगळे वाटत. एक दयेचा आणि एक व्यवहाराचा. त्या दोहोंची गाठ कोठे पडते, ते पुढे येईलच.

आता या धंद्याचे मूळ पाहू. वऱ्हाडात सुगी आटोपली, की धनगरांचे कळप शेताशेतांतून फिरू लागतात. कपाशीची वेचणी संपली की पऱ्हाटीवरचा पाला आणि बोंडांचे अवशेष मेंढ्या खातात. रात्री त्या शेतात बसविल्या, तर त्यांच्या लेंड्यांनी आणि मुताने जमीन सुधारते, म्हणून शेतकरी धनगराला धान्य किंवा पैसे देतो. हे सर्व ठीक. परंतु कळप चालता आहे. दररोज काही कोस चालणाऱ्या नर कोकराच्या अंगावर मांस चढत नाही. सहा-सात महिन्यांचा नर कळपात ठेवला, तर तो माद्यांच्या मागे लागतो आणि दुसऱ्या नरांशी झुंजतो. त्याला वेगळा बांधावयास धनगराजवळ गोठा नाही, त्याच्यापुढे टाकावयास कुटार नाही आणि पोराबाळांच्या गरजा तर पुढच्या आठवड्याच्या आहेत. म्हणून तो कोकरू अर्धवट वाढलेले असतानाच विकतो. त्या अर्धवट कोकराला जो घरी बांधून, चार-पाच महिने खाऊ घालून भरवितो, त्याच्या पदरात फरक पडतो.

ही रीत केवळ आपल्याकडचीच नव्हे. वेल्स आणि स्कॉटलंड येथील डोंगराळ भागांत वसंतात जन्मलेली कोकरे शरदात जत्रांतून विकली जातात, आणि खालच्या सपाट मुलुखातील गवत आणि सलगम ज्यांच्याजवळ आहे ते शेतकरी ती विकत घेऊन हिवाळाभर पोसतात. डोंगरात कोकरू जन्मते आणि मैदानात त्याचा पैसा होतो. आमच्याकडेही जन्म रानात आणि पैसा गावात, एवढाच प्रकार. फरक इतकाच, की तेथे पंचांग ऋतूंचे आहे आणि येथे चंद्राचे.

हे चंद्राचे पंचांग मोठे मनोरंजक आहे. आपण अधिक मास घालून आपले सण ऋतूंशी बांधून ठेवतो. हिजरी सनात ती सोय नाही, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतू फिरून येते. 2013 साली बकरी ईद 16 ऑक्टोबरला होती, 2019 साली 12 ऑगस्टला, आणि 2025 साली 7 जूनला. ईद ऑक्टोबरात आली, तर जनावर पावसाळ्यात पोसावे लागते. हिरवा चारा उदंड, परंतु ओल, चिखल, खुरांचे रोग आणि पोटातले जंत यांनी वाढ खुंटते. ईद जूनच्या आरंभी आली, तर डिसेंबर-जानेवारीत निघालेले तुरीचे कुटार आणि फेब्रुवारी-मार्चमधले हरभऱ्याचे कुटार अगदी वेळेवर हाती असते. ज्याला हे गणित कळले, तो जानेवारीत खरेदी करतो. 2032 च्या सुमारास ईद मार्चात येईल, तेव्हा हेच गणित पुन्हा बदलावे लागेल. आमच्या विद्यार्थ्यांना मी ऋतुमान आणि मागणी यांवर पुष्कळ टिपणे दिली आहेत. त्यांतील एकातही हा मुद्दा नव्हता.

तो मला सांगितला आमच्या घरामागच्या गल्लीत राहणाऱ्या एका विधवा बाईने. सारी गल्ली त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, शेतातल्या निंदण-वेचणीवर घर चाललेले आणि एक मुलगी कॉलेजात. 2025 च्या जानेवारीत एके दिवशी सकाळी त्या आमच्या ओसरीवर आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "सर, तुमच्यापाशी पैसा हाये, माह्यापाशी गोठा हाये. दहा जनावरं घेऊन द्या. ईदीले इकू."

मी अटी विचारल्या. त्या आधीच ठरलेल्या होत्या, कारण हा करार आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. त्याला बटई म्हणतात. "मुद्दल तुमचं पयले निंगन. चारा, खुराक, दवापाणी त्याच्यातूनच. मंग जे उरन ते अर्धं-अर्धं. मेलं तं दोघाईचं मेलं." एवढ्या चार वाक्यांत त्यांनी जे सांगितले, ते कागदावर उतरविण्यास वकिलाला दोन पाने लागली असती. आमच्या घरात या बेताचे फारसे स्वागत झाले नाही. तथापि मावशींचा शब्द मोडावा असेही कोणाला वाटले नाही.

खरेदीसाठी आम्ही परतवाड्याच्या बाजारात गेलो. बरोबर मावशींच्या ओळखीचे एक वृद्ध मुसलमान हेडी होते. त्यांना सर्वजण चाचा म्हणत. मी एका गुबगुबीत बोकडापुढे थांबलो, तेव्हा चाचांनी माझा हात धरून त्याच्या पाठीवर ठेवला. "प्रोफेसरसाहेब, पोट पाहून भुलू नोका. पोट तं मीठ चारून पाणी पाजलं की फुगते. पाठ पाहा." बोटे दाबली तेव्हा पाठीचा कणा करवतीसारखा लागला. वरून गुबगुबीत, आतून उपाशी. चाचा पुढे म्हणाले, की आपल्याला असेच हाडाचे मोठे आणि मांसाचे हलके जनावर पाहिजे, मात्र किंमत पोटाची देऊ नये, हाडाची द्यावी. भरलेले घेतले तर आपण काय भरणार?

मग दात. शेळीमेंढीच्या खालच्या जबड्यात पुढचे दुधाचे दात असतात तोवर ते अदंत. साधारण वर्षाच्या पुढे मधले दोन पक्के दात येतात, तेव्हा ते दोनदाती. कुरबानीच्या बोकडाला वर्ष पुरे झालेले पाहिजे. मेंढा सहा महिन्यांवरचा असून वर्षाचा दिसावा इतका भरलेला असला तर चालतो. म्हणून बोकड आताच सात-आठ महिन्यांचे निवडावयाचे, म्हणजे जूनपर्यंत त्यांचे दात बोलू लागतात. शिवाय जनावर लंगडे, आंधळे, कान कापलेले किंवा शिंग मुळातून तुटलेले असता कामा नये. याचा अर्थ असा, की पाच महिने त्याच्या मांसाइतकीच त्याच्या कानांचीही निगा राखावयाची. एका कुत्र्याने कान फाडला, की वर्षाची कमाई गेली.

किमती ठरविताना चाचांनी विकणाऱ्याचा हात रुमालाखाली धरला. बोटांच्या दाबाने आकडे बोलले गेले, आणि भोवतालच्या मंडळींना काही कळले नाही. सहा बोकड सरासरी 6,000 रुपयांना पडले. तांबूस अंग आणि पाठीच्या कण्यावर काळसर पट्टा, अशी ही आमच्या वऱ्हाडची शेळी. कर्नाळच्या राष्ट्रीय संस्थेने तिला 'बेरारी' या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदले आहे. चार कोकरे मात्र बाजारात न घेता एका धनगराच्या वाड्यावरून घेतली. ती सरासरी 4,750 रुपयांना मिळाली. धनगराने पहिल्यांदा 5,500 सांगितले होते. चाचा उठून चालू लागले, आणि शंभर पावलांच्या आत त्यांना हाक आली. त्या शंभर पावलांत 750 रुपये उतरले. मी चाचांना म्हटले, की त्याने थोडे ताणून धरले असते तर आपण दिलेच असते. चाचा म्हणाले, "हाव. पण त्याले उद्या पुढच्या शिवारात जाचं हाये."

याप्रमाणे 55,000 रुपयांत दहा जनावरे गोठ्यात आली, आणि माझे काम संपले. मावशींचे तेव्हा सुरू झाले. पहाटे गोठा झाडून लेंड्या उकिरड्यावर टाकावयाच्या. मग कुटार. ते एकदम टाकले तर जनावर निवडून खाते आणि उरलेले तुडविते, म्हणून थोडे थोडे तीन वेळा. सकाळ-संध्याकाळ मिळून प्रत्येकी पावशेरभर भरड मका आणि सरकीची ढेप. दुपारी नदीकाठाने दोन तास फिरविणे, कारण नुसते बांधून ठेवलेले जनावर खात नाही. शेळी मान वर करून झुडपांचा पाला ओरबाडते आणि मेंढी मान खाली घालून गवत कुरतडते, म्हणून दोघांना एका वाटेने नेणे हीही एक कसरत. जंतांचे औषध, पी. पी. आर.ची लस. मावशींनी कोणालाही नाव ठेवले नाही, परंतु प्रत्येकाचा स्वभाव त्यांना पाठ होता. अमका दुसऱ्याच्या वाट्यात तोंड घालतो, तमका पाणी कमी पितो. मी अधूनमधून जाऊन पाहत असे, आणि पाहण्याशिवाय माझ्या हाती काही नसे.

मार्चच्या अखेरीस एका रात्री मक्याचे पोते उंदरांनी कुरतडून फोडले. चार कोकरांतील सर्वांत दांडगे आणि सर्वांत खादाड कोकरू दावे सोडवून तेथे पोचले. सकाळी ते मान मागे टाकून तडफडत होते आणि दुपारपर्यंत संपले. जनावरांच्या डॉक्टरांनी आंत्रविषार सांगितला. त्यांनी समजावून सांगितले, की याचे जंतू चांगल्या जनावराच्या आतड्यांतही असतात. एकदम पुष्कळ धान्य पोटात गेले, की ते माजतात आणि विष सोडतात. म्हणून हा रोग कळपातील रोडक्या जनावराला सहसा होत नाही. जे उत्तम खाते आणि उत्तम वाढते, तेच याने मरते.

संध्याकाळी मावशी आमच्याकडे आल्या. त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेला त्या कोकराचा कान होता. बटईत जनावर मेले, तर पोसणाऱ्याने मालकाला त्याची खूण आणून दाखवावयाची असते, म्हणजे चोरून विकले असा संशय राहत नाही. मी म्हटले, "मावशी, कान कशाला आणला? तुमच्यावर माझा विश्वास आहे." त्या म्हणाल्या, "इश्वास तं हायेच, सर. पण रीत हाये." मी तो कान पाहिला आणि त्यांनी तो परत नेऊन पुरला. मला त्या क्षणी काय वाटले, ते नीट शब्दांत सांगता येत नाही. ज्या बाईने तीन महिने ते कोकरू पोसले, तिने आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा मला द्यावा, आणि ज्याने त्याला एकदाही पाणी पाजले नाही त्याने तो तपासावा, अशी ती रीत होती. रीत वाईट नव्हती. दोन्ही बाजूंना सांभाळणारीच होती. परंतु तिच्यात कोण बसलेले असते आणि कोण उभे असते, ते मला त्या दिवशी दिसले.

ईदेच्या आधीच्या आठवड्यात सर्व जनावरे विकली गेली. सहा बोकडांचे सरासरी 13,000 प्रमाणे 78,000 आले आणि तीन मेंढ्यांचे 10,000 प्रमाणे 30,000. घेणारे घरी येत, पाठ चाचपीत, ओठ वर करून दात पाहत, कानांवरून हात फिरवीत. एका कुटुंबातील लहान मुलगा बोकडाला घेऊन जाताना त्याच्या गळ्यात हात टाकून चालत होता. त्याला दोन दिवसांनी काय होणार हे ठाऊक होते, आणि तरीही त्याचा हात खोटा नव्हता. जनावराच्या मरणाविषयी आपल्यापैकी ज्यांचे मन कठोर नाही, त्यांनी त्याच्या जगण्याविषयीही थोडा विचार करावा असे मला तेव्हा वाटले. गाडगेबाबांची दया खरी होतीच. ती दया ज्यांना सांगावयाची, ते लोक कर्जात बुडालेले आहेत हेही त्यांना दिसत होते. कर्जात बुडालेला मनुष्य जनावरावर दया करावयास किंवा त्याचा चांगला भाव यावयासही थांबू शकत नाही. बाबांच्या दोन उपदेशांची गाठ मला येथे पडलेली दिसली.

आता हिशेब. विक्री 1,08,000. खरेदी 55,000, मका आणि ढेप 9,000, कुटार 6,600, औषधपाणी 1,400, एकूण 72,000. नफा 36,000. वाटणी 18,000 आणि 18,000. मावशींनी बोटांवर केलेला हिशेब आणि मी कागदावर केलेला हिशेब एका रुपयानेही चुकला नाही. व्यवहार चोख झाला, आणि दोघांनीही समाधान व्यक्त केले.

परंतु धंद्याची सवय वाईट असते. रात्री मी तोच कागद पुन्हा घेऊन बसलो. माझे 72,000 रुपये पाच महिने बँकेत असते, तर सालिना शेकडा 7 प्रमाणे 2,100 रुपये व्याज आले असते. येथे 18,000 आले. मावशींनी 150 दिवस, रोज चार-साडेचार तास काम केले. त्यांना रोजचे 120 रुपये पडले. निंदणाला गेल्या असत्या, तर याहून अधिक मजुरी मिळाली असती. मग धनगराचे पाहिले. त्याने मेंढी पोसली, कोकरू जन्माला घातले, सहा महिने रानोमाळ हिंडविले आणि त्याला 4,750 रुपये मिळाले. त्यावर आम्ही सुमारे 1,700 रुपयांचा चारा-खुराक आणि पाच महिन्यांचा काळ घातला, आणि त्याचे 10,000 झाले. चारा वजा जाता उरलेल्या 3,550 रुपयांत मावशींचे कष्ट होते आणि माझे थांबणे होते. या दोहोंना आम्ही सारखेच मोल दिले होते.

मार्शलचे म्हणणे खोटे नव्हे. थांबण्यालाही किंमत असते, आणि कोणीतरी थांबल्याशिवाय कोकराचा मेंढा होत नाही. परंतु थांबणे हा काही स्वभावाचा गुण नाही, की एकाजवळ तो असावा आणि दुसऱ्याजवळ नसावा. धनगर माझ्याहून दसपट धीराचा मनुष्य आहे. उन्हातान्हात तो रात्रंदिवस कळपामागे उभा असतो. पण त्याला उद्या पुढच्या शिवारात जावयाचे असते. मला कोठे जावयाचे नसते, कारण महिन्याच्या अखेरीस माझा पगार आपल्या पायांनी चालत येतो. मी थांबू शकलो तो पगाराच्या बळावर. ज्याला थांबता येत नाही, त्याच्या घाईतून थांबणाऱ्याचा नफा निघतो. त्या बाजारातील शंभर पावले मला आठवली. त्यांचे 750 रुपये माझ्याच अर्ध्या-अर्ध्या खात्यात जमा होते.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना बोलाविले आणि पुढच्या सालासाठी नवी अट सुचविली. तुमची मजुरी आधी खर्चात धरू, दररोज ठराविक, आणि मग उरेल त्याची वाटणी करू. माझ्या मते ही अट न्यायाची होती. मावशींनी ती शांतपणे ऐकली आणि मान हलविली. "नोको, सर. मजुरी घेतली तं मी तुमची मजूर झाली. वाटा घेतला तं तो माहा धंदा हाये."

मी निरुत्तर झालो. त्या वाक्यात जो फरक होता, तो माझ्या हिशेबाच्या कागदावर कोठेही मांडता येत नव्हता. 120 रुपये रोज पडला हे त्यांनाही कळत होते. तरी निंदणाच्या रांगेत दुसऱ्याच्या बांधावर वाकण्याऐवजी आपल्या गोठ्यात आपल्या शब्दाने काम करणे, आणि जनावर मेले तरी अर्ध्या नुकसानीची मालकी अंगावर घेणे, याची किंमत त्यांनी वेगळी लावली होती. मी विचारले, "मग तुम्हाला काय हवे?"

"दोन पाठी घेऊन द्या. पैसा पुढच्या ईदीले माह्या वाट्यातून कापा."

पाठी म्हणजे तरुण माद्या. बोकड विकावयाचे असतात, पाठी ठेवावयाच्या असतात. मी म्हटले, तुमचे 18,000 आताच आले आहेत. त्या हसल्या. त्या पैशांचे मार्ग ठरलेले होते. बचत गटाचा हप्ता, मुलीची फी आणि पावसाळ्याच्या आत गोठ्यावरचे दोन पत्रे. पैसा आला तेव्हाच तो गेलेला होता. हेच धनगराचे होते. दोन पाठींना 14,000 लागले. ते मी माझ्या वाट्यातून दिले. ते देऊनही माझ्याकडे 4,000 उरले, म्हणजे बँकेने जे दिले असते त्याच्या जवळजवळ दुप्पट. उसने नको, तसेच घ्या, असे मी म्हणून पाहिले. मावशींनी ते मानले नाही. आमच्या वहीत त्यांच्या नावे 14,000 मांडलेले आहेत, आणि ते तसेच मांडलेले असावेत अशी त्यांची इच्छा आहे.

पुढच्या सालच्या बटईत त्यांनी माझी दहा जनावरे घेतली नाहीत, सहाच घेतली. गोठ्यात जागा पुरत नाही, कारण दोन्ही पाठी गाभण राहिल्या. शेळी पाच महिन्यांनी विते, आणि एका वेताला बहुधा दोन करडे असतात. तो अंदाज धरून चाचा स्वतः मावशींकडे गेले आणि होणारी करडे दूध तुटताच घेऊन जाईन, आताच इसार ठेवतो, असे म्हणाले. भाव वाईट नव्हता. मावशींनी त्यांना चहा पाजला, इसाराच्या नोटा त्यांच्यापुढे परत सारल्या आणि करडे दोनदाती झाल्यावर या, असे सांगितले.

चाचांनी ही हकीकत मला सांगितली ती थोड्या तक्रारीच्या सुरात. "तुमच्या मावशी आता थांबते म्हणतात," ते म्हणाले. मी त्यांना विचारले, की मग तुमचे काय? चाचांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "माहं काय, साहेब. मी दुसऱ्या दारी जातो. थांबता येत नाही अशी दारं काय कमी हायेत?"